मूळ द्रव्य न मिळाल्यास

३ जून
लागली एकदाची नोकरी. औषधांच्या कारखान्यात वनस्पती तपासनीस. पोत्यावर जे नाव लिहिलंय तेच झाड आत आहे का, ते मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि सही ठोकायची. स्वतंत्र टेबल, मोठी खिडकी, ब्लेडचं कोरं पाकीट. आई फोनवर म्हणाली, लहानपणी माझ्या कुंड्यांतली रोपं उपटायचीस, त्याचं चीज झालं म्हणायचं.

५ जून
रास्नेची तीन पोती आली. एकात पानं, दुसऱ्यात कंद, तिसऱ्यात ऑर्किडची मुळं. तिन्हींवर नाव रास्नाच. यातली खरी कुठली, विचारलं. मालक स्वतः वैद्य. हसून म्हणाले, पोथ्यांत श्लोक आहेत, फोटो नाहीत, ज्यानं त्यानं आपापली रास्ना ठरवली, आपली पानांची. मूळ द्रव्य मिळालं नाही की प्रतिनिधी घ्यायचा, म्हणजे बदली वनस्पती. ती मूळ द्रव्याच्या बरणीत ठेवायची, रोज सकाळी त्याच्याच नावानं हाका मारायच्या. हळूहळू गुण येतो. पाला निवडणाऱ्या बायका खरंच बरणीला हाका मारतात. मला जाम हसू आलं. सही मात्र केली नाही. वैद्यांना सांगितलं, कंद म्हणजे पान नव्हे, मी लिहून देणार नाही.

९ जून
बायका मला ‘चष्मेवाल्या ताई’ म्हणतात. ती माझ्या आधीची तपासनीस. कुठे गेली ती, विचारलं तर म्हातारी मावशी म्हणाली, जाताय कुठं, इथंच तर आहात. मला चष्मा नाही. म्हटलं, मावशी, डोळे तुम्ही तपासून घ्या. सगळ्या खिदळल्या. मग पुन्हा तीच हाक.

१२ जून
रास्नेच्या बरणीत ठेवलेला कंद कापून पाहिला. आत पर्णरंध्रं. पानावर असतात ती, श्वास घ्यायची छिद्रं. कंदाच्या पोटात. मागच्या आठवड्यात नव्हती. नवं ब्लेड, नवा तुकडा. तेच. नोंद केली: कंदच आहे. माझं शिक्षण काय वाया गेलेलं नाही.

१४ जून
फाटकावरची पाटी वाचता येईना. खणात तिचा चष्मा होता. लावला — लख्ख दिसलं. काढून फेकला. आंधळी होईन पण तो लावणार नाही. वैद्य समजुतीनं म्हणाले, सही करून टाका, त्रास थांबेल. कुणाची सही? तर तिची.

१५ जून
घरी फोन. आई म्हणाली, “कोण बोलतंय? माझी मुलगी इथं समोर जेवायला बसलीय.”
मागे कुणीतरी हसलं. माझं हसू.
माझीही जागा रिकामी ठेवली नाहीये तर —

१६ जून
उजव्या हाताला तिची सही येते. आपोआप. म्हणून डाव्या हातानं लिहितेय. घाण अक्षर. असू दे, माझं आहे.

१७ जून
दाराशी सगळ्या. हाका. मारा, घसा बसेपर्यंत मारा. ओ देणार नाही. जीभ दातांत धरलीय —
वैद्यांनी कागद पुढं सरकवला. उजवा हात मांडीखाली दाबून बसलेय —
नाही करणार. मी ती नाही. मी बदली नाही. लिहूनच ठेवते, माझं नाव —
आठवतंय. थांबा. पहिलं अक्षर