निळी बाटली आणि भिंतीतला पाइप

४ मार्च, मंगळवार

सकाळचा पहिलाच पेशंट खुर्चीत टेकता टेकता म्हणाला, "मॅडम, मी दिवसातून तीनदा घासतो. दणकून." शाबासकी मिळेल असं वाटलं असावं. तोंड उघडलं तर हिरड्या वर सरकलेल्या आणि दातांच्या मुळाशी खाचा पडलेल्या! ट्रक चालवतो. ब्रश कुठला म्हणून विचारलं. "सगळ्यात कडक. मऊ ब्रशने काय, नुसत्या गुदगुल्या." त्याच्या हाताच्या पंज्यावर आधी मऊ ब्रश फिरवला, मग कडक. कडकने लाल रेघा उठल्या. ते बघून म्हणाला, "भांडी अशीच घासतो ना आपण?" म्हटलं, भांडं पातळ झालं तर नवीन आणता येतं. बदलतो म्हणाला. बदलणार नाही, मला माहीत आहे.

अकरा वर्षं लोकांचे दात साफ करते आहे, आणि सगळ्यांचा एकच समज. झोंबलं, फेस आला, रक्त आलं – म्हणजे काम झालं. नुसतं हळुवार काही केलं की त्यांना वाटतं आपण फसलो.

उठल्यापासून जबडा दुखतोय. कानाजवळ. दिवसभर मान वाकडी करून दुसऱ्यांच्या तोंडात बघायचं, दुसरं काय होणार.

५ मार्च, बुधवार

रात्री भिंतीवर टकटक ऐकू आल्यासारखी वाटते, म्हणून आज आईंना विचारलं. (सासू असं या वहीत मी कधी लिहिलंच नाही, आता काय लिहायचं.) त्या म्हणाल्या, "आपल्या खोल्यांच्या मधल्या भिंतीत पाइप वाजतो गं. दोनदा टकटक केली की थांबतो." प्लंबरला बोलावते म्हटलं तर, "कशाला उगाच त्याला त्रास."

तरी बोलावलाय. शनिवारी येईल.

६ मार्च, गुरुवार

बॅगवाला येऊन गेला. कंपनीचा माणूस, दर महिन्याला चकचकीत बूट घालून येतो. चूळ भरायच्या औषधाच्या निळ्या बाटल्या काउंटरवर ओळीने मांडल्या. "सांगत चला मॅडम सगळ्यांना. तुमच्या शब्दाला वजन आहे." क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे सांग.

मी सांगते. गेलं वर्षभर सांगतेच आहे. ठरलेलं वाक्य आहे – "तोंडाला थोडा वास येतोय बरं का, निळ्या बाटलीच्या चुळा भरत जा." वास येत असो वा नसो. त्या औषधाला जागा आहे, नाही असं नाही – हिरडीचं काही काम केलं की चार-आठ दिवस. पण रोज, उठता-बसता, आगीसारखं झोंबणारं पाणी तोंडात कशासाठी? त्यात स्पिरिट असतं, तोंड कोरडं पडतं. आणि लाळ आटली की वास येणारच! हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी वाक्य म्हणते. म्हणताना नजर हातातल्या हत्यारावर ठेवते, माणसाकडे बघत नाही.

डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या, "तुझे दात बघायचेत एकदा, बस कधीतरी." बसते म्हटलं. बसायला वेळ कुठला.

८ मार्च, शनिवार

प्लंबर येऊन गेला. त्या भिंतीत पाइपच नाही म्हणे! पाइप पलीकडच्या बाजूने जातो. आईंना सांगितलं तर निवांतपणे म्हणाल्या, "मग दुसरं काहीतरी वाजत असेल." वर प्लंबरला चहा पाजला.

मुंगीचा खालचा दात हलायला लागला. (लेक माझी, साखरेच्या डब्याभोवती फिरते म्हणून मुंगी.) सहा वर्षांची झाली. पळत आजीकडे दाखवायला गेली. आजीने लांबूनच बघितलं, तोंडावर हात ठेवून. "हो गं, हलतोय." आणि उठून बाथरूममध्ये गेल्या.

पूर्वी मांडीवर घेऊन दहा वेळा हलवून बघितला असता.

९ मार्च, रविवार

मावशींचा फोन आला होता, आईंच्या धाकट्या बहिणीचा. मी भाजी निवडत होते, आई शांतपणे बोलत होत्या. फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तीस तारखेला ती गाडी घेऊन येणार आहे. जाईन म्हणते तिच्याकडे."

किती दिवस, असं विचारलं.

"बघू. राहीन. तुमचंही किती दिवस मी अडवायचं?"

निवडलेली भाजी मी कचऱ्यात टाकली आणि काड्या पातेल्यात.

मुंगीचा बाबा जाऊन दोन वर्षं झाली. ज्याच्यामुळे आम्ही दोघी एका घरात आलो तोच नाही, मग त्यांनी इथे का राहावं, असं मावशी मागेही म्हणाल्या होत्या. तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "माझी मर्जी." तेव्हा किती बरं वाटलं होतं मला. आता ती मर्जी कुठे गेली?

मी काही चुकले का? सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं आठवून बघितलं. कामावरून आल्यावर मी बोलत नाही, हे खरं आहे. पण मी दोन वर्षांपासूनच बोलत नाही. त्यांना त्याची सवय आहे असं मी धरून चालले होते.

११ मार्च, मंगळवार

आई जेवत नाहीत. बिस्कीट चहात बुडवून खातात, तेही तोंड वळवून. "भूक नाही." पावाचा तुकडाही घशाखाली उतरत नाही त्यांच्या, मी पाहिलं.

आणि मुंगीला गोष्ट सांगणं बंद. "तुझी आई वाचून दाखवेल."

१४ मार्च, शुक्रवार

कचऱ्याची पिशवी फाटली आणि चार रिकाम्या निळ्या बाटल्या जमिनीवर गडगडत गेल्या. चार!

बॅगवाल्याने दिलेल्या नमुन्याच्या बाटल्या मीच घरी आणून कपाटात ठेवल्या होत्या. मी त्यांना हात लावत नाही. मुंगीला लावू देत नाही. म्हणजे आईच. महिनाभरात चार म्हणजे दिवसाला पाच-सहा चुळा. बाथरूममधून तो झणझणीत वास येतोय कधीपासून, आणि मी? मला तो क्लिनिकमधला वास माझ्याच कपड्यांचा वाटत होता.

दिवसभर लोकांना उपदेश करते मी. घरी काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

१५ मार्च, शनिवार

लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

शनिवारी दुपारी मुंगी क्लिनिकमध्ये कोपऱ्यात बसते, ते मला सोयीचं पडतं. घरी तिचा दवाखान्याचा खेळ असतो, माझा जुना गोल आरसा घेऊन. आज बाहुलीला खुर्चीत बसवलं होतं. मी दारातून बघत होते. तिने बाहुलीच्या तोंडात आरसा घातला, भुवया उचलल्या आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "तोंडाला थोडा वास येतोय बरं का, निळ्या बाटलीच्या चुळा भरत जा."

मी विचारलं, सगळ्या पेशंटना हेच सांगतेस का?

"हो. अस्वलाला पण सांगितलं. उशीला पण. आजीला पण. अस्वल ऐकत नाही. आजी ऐकते."

आजीच्या तोंडाला खरंच वास येत होता का गं?

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं डोकं फिरलंय की काय अशी. "नाही. तसं म्हणायचं असतं ना?"

माझं वाक्य. ज्याच्यावर माझाच विश्वास नाही ते. घरी आलं आणि त्या माउलीने ते खरं धरलं. नातीला आपला वास येतो म्हणून तिला मांडीवर घेणं सोडलं, गोष्ट सोडली, जेवण सोडलं, आणि आता घर सोडायला निघाल्यात. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नळ चालू ठेवून.

१६ मार्च, रविवार

सांगितलं. सगळं. वर्षभर ते वाक्य का म्हणत होते तेही.

आईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेकरू खोटं कशाला बोलेल? आणि मला कळतं ना माझं. चव कडू असते. वास येतोच."

म्हटलं, आधी येत नव्हता. बाटलीमुळे यायला लागला.

"औषधाने कधी वास येतो का? झोंबतं म्हणजे आत साफ होतंय."

ट्रकवाल्याला उत्तर देता येतं मला. यांना देता येईना. मग म्हटलं, आई, मला एकदा बघू द्या. तर तोंड घट्ट मिटून मान हलवली. "सुनेपुढे आ करून बसू? एवढं आता तरी नको."

१८ मार्च, मंगळवार

आज बघू दिलं.

मुंगीने घडवून आणलं. मी तिला फक्त सांगितलं होतं की आजीला खोटं सांगितलं गेलंय, आणि चूक माझी आहे. ती गेली, आरसा आजीच्या हातात दिला आणि स्वतः तोंड उघडून उभी राहिली. "आता तू डॉक्टर. मला बघ. वास आला तर सांग, मी रागावणार नाही." आईंनी बघितलं. हलणारा दातही हलवून बघितला, आणि मग बऱ्याच दिवसांनी तिला जवळ घेतलं. मला म्हणाल्या, "चल, बघ एकदाचं. पण दिवा लाव, नंतर म्हणशील दिसलं नाही."

खिडकीपाशी बसवलं. आरसा गालाला आतून लावला तर तो तिथेच चिकटला. ओल्या तोंडात आरसा सरकतो, कोरड्यात चिकटतो, हे पहिल्या वर्षी शिकवतात. गालाची आतली साल पांढरी होऊन सुटलेली. जीभ भेगाळलेली. जेवण कसं जाईल? आणि दात – सत्तरीत इतके स्वच्छ, इतके नेटके दात मी क्वचित पाहिलेत. तसं म्हटलं त्यांना. "खोटं." खरं सांगते म्हटलं. आज तर मी वाक्य म्हणत नाहीये.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हातमोजा भिजला.

१९ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. म्हणाल्या, बाटली आजपासून बंद, घोट घोट पाणी, मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, आठवड्याने परत या. मग आईंना बाहेर बसवून मी त्यांना सांगितलं की ते वाक्य मी यापुढे म्हणणार नाही. ज्याला गरज आहे त्यालाच बाटली सांगेन. त्यांनी हातमोजे काढून टाकले. मग, "मी तुला म्हणायला लावलं होतं का?" तोंडाने नाही लावलं, म्हटलं. त्यांनी काउंटरवरची रांग स्वतःच्या हाताने कपाटात ठेवली. रागात की पटून, कळलं नाही. नोकरी आहे अजून.

२३ मार्च, रविवार

आई दोन फुलके जेवल्या. भाजीला मीठ कमी आहे म्हणाल्या. चव आली!

पण बॅग भरून दाराशी ठेवली आहे, ती तशीच. विचारायचा धीर होत नाही. आता वासाचं कारण उरलं नाही, तरी जायचं असेल तर कुठल्या तोंडाने थांबवू?

२६ मार्च, बुधवार

गाल भरून आला. आरसा चिकटला नाही.

ट्रकवाला रस्त्यात भेटला. मऊ ब्रश घेतला म्हणे! "गुदगुल्या होतात, पण रक्त थांबलं." मी चक्क त्याचे आभार मानले.

२९ मार्च, शनिवार

मुंगीचा दात पडला. आजीच्या मांडीवर, गोष्ट ऐकता ऐकता. दोघी जमिनीवर रांगत शोधत होत्या, मग तो आजीच्या चष्म्याच्या घरात सापडला.

गाडी उद्या आहे.

संध्याकाळी एकदाचं म्हटलं, "आई, नका जाऊ." एवढंच जमलं. आणखी बरंच म्हणायचं होतं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि इस्त्रीचे कपडे उचलून ठेवायला गेल्या. कोणाचे कपडे, कुठे ठेवले, ते बघायची हिंमत झाली नाही.

३० मार्च, रविवार

मावशी आल्या, चहा पिऊन एकट्याच गेल्या. मग आईंनी मला खिडकीपाशी बसवलं, आरसा घेतला. "सगळ्यांचं बघतेस, तुझं कोण बघतं? उघड तोंड." उघडलं. बराच वेळ बघत होत्या. "झिजलेत गं. तो गेल्यापासून रात्री दात खातेस, कराकरा. भिंतीतून ऐकू येतं. टकटक केली की थांबतेस. जायचं ठरवलं होतं तेव्हाही एकच घोर होता मला – मी गेल्यावर टकटक कोण करणार?"