दम

शनिवार, जून २०१८, ओकव्हिल

ऑफिसातले सगळे मिळून रग्बीची मॅच बघायला गेलो होतो. आमची टीम जिंकली, तरी येताना गो ट्रेन या इथल्या लोकलमध्ये सगळे टीममधल्या त्या धिप्पाड टकलूवरच घसरले. "शेवटी नुसता चालत होता. फिटनेस नाही, एफर्ट नाही," माझा मॅनेजर ग्रॅहॅम म्हणाला. मी म्हटलं, दम लागला असेल बिचाऱ्याला. त्यावर माझ्याच पाठीवर थाप! "याच्याकडून शिका. दोन वर्षांत एक सुट्टी नाही!" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

सुट्टी घेतली नाही ती भीतीने. वर्क परमिट या कंपनीचं, पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या अर्जाला लागणारं पत्र ग्रॅहॅमच्या सहीचं. नोकरी सोडली की सगळंच गेलं.

घरी येऊन आईला फोन केला. म्हटलं, आता नाही गं होत. "थोडा दम धर रे," ती म्हणाली. अगं, दम लागलाय म्हणून तर फोन केला!

राहून राहून तो टकलूच दिसतोय. कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला, तसं कोचने त्याला बाहेर बोलावलं. बाकावर बसून निवांत पाणी प्यायला. लोक त्याची हुर्यो उडवत होते आणि मी त्याच्यावर जळत होतो.