तोफेच्या डावीकडचा

प्रिय आई,

दिंडोशीच्या आपल्या दारातच वाकून नमस्कार केला असं समज. मी मजेत आहे. तू विणलेला स्वेटर झकास बसला. बाबांचे गुडघे कसे आहेत?

काल आमच्या तोफखाना रेजिमेंटचा ऐंशीवा वाढदिवस झाला. इतर पलटणींना निशाण असतं, आमची तोफ हेच आमचं निशाण. म्हणून सकाळी तिला हार घालून, नारळ फोडून सगळ्यांनी सलाम केला. पुढे डोंगरात पायदळ अडकलं की मागून त्यांची वाट मोकळी करते ती हीच.

पाहुणे होते सुभेदार शेलार, एकाहत्तरची लढाई लढलेले. तेव्हा दोन दिवस तोफ सोडून कुणी जेवायलासुद्धा हललं नव्हतं. शेलार आजोबांनी तोफेवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. आई, अशा माणसांच्या जागेवर मी बसतो गं!

मी त्यांना चहा दिला. ते काही बोलले, तेव्हा मी नकळत डावा कान पुढे केला. ते हसले.

"नेम धरायला तोफेच्या डावीकडे बसतोस ना? तोफ उजव्या कानाशी. मीपण तिथलाच."

मग दोघंही डावा कान पुढे करून, ओरडून ओरडून गप्पा मारत बसलो.

फोनवर रेंज नसते म्हणायचो, ते दरवेळी खरं नव्हतं. काळजी करू नकोस, इथले डॉक्टर बघतायत. दिवाळीला येतोय. जेवताना तू माझ्या डाव्या बाजूला बस.

तुझाच,
सुशांत