बिजागरीच्या बाजूला उभा हवालदार

सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझी बहीण तुला शेवटपर्यंत धाकटीच म्हणत आली, तेव्हा तू आता आजी झालीस तरी माझ्याकडून बढती मिळायची नाही. साडूभाऊंची पाठ कशी आहे? कडक फळीवर झोपा असं मी सांगितलं होतं ते पलंगाच्या फळीबद्दल, इस्त्रीच्या टेबलाबद्दल नव्हे, एवढं त्यांना समजावून सांग. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्या हातची कपाटंही कुरकुरतात आणि लोक ती अजून वापरतात. चहाचं माप मात्र अजून जमत नाही. आयुष्यभर सुतारकाम केलं, नुसत्या नजरेने फळीची लांबी सांगत होतो, पण पातेल्यात पाणी ओततो ते दोघांचंच. (दुसरा कप मीच पितो, गार झाल्यावर.)

पत्र लांबणार आहे, चष्मा पुसून घे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू विचारतेस, बाकी काय? मी म्हणतो, बाकी काही नाही. की झालं, संपला फोन. पत्रात निदान मधे कोणी बाकी विचारत नाही.

तर विषय आपल्या हवालदाराचा. तुला आठवत असेल, पिल्लू होता तेव्हापासून त्याला झोपण्याआधी घरभर गस्त घालायची सवय. म्हणून तुझ्या बहिणीने हे नाव ठेवलं. गस्त संपली की तो तिच्यासमोर येऊन बसायचा आणि ती विचारायची, "काय हवालदार, सगळं ठीक? मग झोपा आता." एवढं ऐकलं की स्वारी चटईवर आडवी, ती थेट सकाळपर्यंत. इतकी वर्षं ह्यात खंड नाही. मी शेजारी पेपर वाचत बसलेला असे, मला कोणी काही विचारत नसे, पण झोप मलाही त्यानंतरच यायची. ती गेल्यावर मी ते वाक्य म्हणून पाहिलं. माझा आवाज तुला माहीत आहे, ओल्या लाकडावर रंधा मारल्यासारखा. हवालदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी कोणाची तरी टोपी चोरून घालून आलो आहे.

आता तो म्हातारा झाला. दिवसा गाढ झोपतो, मी हाक मारली तरी कान हलवत नाही (नोकरीत मुरलेली माणसं अशीच), आणि रात्री सगळे निजले की ह्याची ड्यूटी सुरू. फरशीवर नखांची टक टक, टक टक. स्वयंपाकघर, मोरी, कपाटामागची फट, पुन्हा स्वयंपाकघर. त्या फटीत शिरतो खरा, पण मागे सरायचं विसरला आहे, त्यामुळे भिंतीला नाक लावून उभा राहतो आणि भिंतीवर भुंकतो. भिंत काही उत्तर देत नाही, म्हणून आणखी भुंकतो. मग मी उठतो, कपाट सरकवतो, त्याला काढतो, कपाट लावतो, आडवा होतो, आणि पुन्हा टक टक. कपाट सागाचं आहे. तेव्हा मला मजबूत कामाचा फार अभिमान होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलगी तरुण आहे पण हात मायेचा. म्हणाली, काका, माणसांचं होतं तसं ह्यांचंही डोकं थकतं, दिवस-रात्रीची उलटापालट होते, जागा चुकतात. रात्री बारीक दिवा ठेवा, वाटेत सामान ठेवू नका. आणखीही एक गोष्ट सांगितली तिने, ती पुढे कधी तरी. दिवा ठेवला. हवालदाराला त्याने फरक पडला नाही, मला मात्र रात्रभर तुझ्या बहिणीचा फोटो स्वच्छ दिसू लागला, मग काय झोपतोस.

नखांच्या आवाजावर तोड म्हणून मी तिच्या विणकामाच्या टोपलीतून लोकर काढून चार मोजे केले. (सुई हातात धरण्यापेक्षा पटाशी बरी.) मोजे घालून हवालदार निघाला तो फरशीवरून सरळ घसरत जाऊन खुर्चीच्या पायांत अडकला. खुर्ची पडली, तिच्यावरचा डबा पडला, आणि खाली राहणाऱ्या दंतवैद्यांनी काठीने छत ठोकलं. ह्या दंतवैद्यांशी मला भांडता येत नाही, कारण माझी एक दाढ त्यांच्याकडे अर्धवट कोरलेली आहे. पण त्यांचंही खरं आहे. रात्रभर डोक्यावर टक टक ऐकून सकाळी ज्याच्या हाताला कंप सुटला, त्याच्यापुढे तोंड उघडून कोण बसेल? मलाच तर बसायचं आहे.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. गस्तीच्या शेवटी हवालदार बाहेरच्या दाराशी जाऊन उभा राहू लागला. पण कडीच्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला. दार तिथून उघडेल अशी वाट पाहत तासन्‌तास उभा. आता दुसरा कोणी असता तर त्याने कुत्र्याला धरून पलीकडे नेलं असतं. मी सुतार. माझ्या मनात आलं, कुत्रं चुकत असेल तर दार बदलू. दोन दिवस खपून दार उतरवलं, बिजागऱ्या काढून दुसऱ्या अंगाला बसवल्या, कडी इकडची तिकडे केली, जुनी भोकं बुजवून रंग लावला. काम असं झालं की तुझी बहीण असती तर म्हणाली असती, छान, आता जेवायला या. रात्री हवालदार आला, दाराचा वास घेतला, विचार केला, आणि शांतपणे पलीकडे जाऊन नव्या बिजागरीच्या बाजूला उभा राहिला.

ह्याच्या दुसऱ्याच रात्री तो तिथे उभा राहून भुंकत सुटला आणि दंतवैद्य वर आले. त्यांनी दार असं बडवलं की चौकट हलली. (हवालदाराने मानसुद्धा वळवली नाही. मला वाटलं, काय हा बाणेदारपणा.) मी धडपडत गेलो, बारीक दिव्यात हात सवयीने जुन्या जागी गेला, तिथे कडी नाही. चाचपतो, चाचपतो, नुसता गुळगुळीत रंग. बाहेरून आवाज आला, "काका, दार उघडताय की नवीन बनवताय?" मी म्हणालो, "थांबा हो, सापडत नाहीये." ते म्हणाले, "काय, दार?" शेवटी कडी सापडली, दार उघडलं, पायजम्यातले दंतवैद्य आत आले आणि त्यांनी मोठा दिवा लावला. हवालदाराला गप्प करायला मी परत जाऊन त्याच्या शेजारीच उभा होतो, आम्ही दोघंही बिजागरीकडे तोंड करून. ते बराच वेळ बघत राहिले. भांडायला आलेल्या माणसाने असं बघत राहू नये, राग उतरतो. मग स्टुलावर बसले, म्हणाले, "दाढ ठणकते का?" मी म्हणालो, "रात्रीचीच." त्यांनी माझी दाढ पाहिली, मग हवालदाराचे दात पाहिले आणि ह्याचे तुमच्यापेक्षा बरे आहेत असं सांगून गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कळ काढतो, पुढे मात्र मला इमारतीच्या कमिटीला सांगावंच लागेल.

महिनाअखेर चिरंजीवही येणार आहेत. (तुझा भाचा तसा मनाने चांगला.) त्याचं म्हणणं, बाबा, आता एकटे राहू नका, आमच्याकडे चला. त्यांच्या इमारतीत कुत्रं चालत नाही, मी चालतो. मग हवालदाराचं? तर म्हणाला, मी आलो की काय ते करून टाकू. काय ते म्हणजे काय, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून मी त्या कुत्र्याकडे बघतो आणि तो भिंतीकडे.

बाकी काय, बाकी काही नाही. साडूभाऊंना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझा,
भावजी

ता. क. एक छोटं काम होतं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या बहिणीचे दिवस झाले त्या दुपारी तू स्वयंपाकघरातून विचारलंस, "चहा कोण कोण घेणार?" तेव्हा हवालदार गॅलरीतून उठून धावत आत आला होता, आठवतं? तुझा आवाज हुबेहूब तिचा. (मीही उठलो होतो, गुडघ्यामुळे उशीर झाला एवढंच.) तर रोज रात्री निजायच्या आधी एक फोन करशील? मी तो ह्याच्या कानाशी धरीन, तू फक्त म्हणायचं, काय हवालदार, सगळं ठीक, मग झोपा आता. तेवढ्याने तो झोपला तर दंतवैद्यही झोपतील, आणि चिरंजीवांना काय ते करायचं कारण उरणार नाही.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुझ्याशी लबाडी करवत नाही. डॉक्टरीणबाईंनी जी दुसरी गोष्ट सांगितली ती अशी की हवालदाराला वर्षभरापासून काहीच ऐकू येत नाही. आणि दंतवैद्य येऊन गेले त्या रात्रीपासून मी माझी गादी दाराशी जमिनीवर टाकली आहे. ह्याच्या पाठीवर हात ठेवला की हा बिजागरीकडे तोंड करून सकाळपर्यंत घोरतो. चिरंजीवांना मी तसं कळवलंही आहे, की दोघंही इथेच बरे आहोत. जागा आता फक्त मी असतो.

तरी फोन कर. दाराची कडी मला अजून सापडत नाही, पण फोन पहिल्याच घंटीला उचलीन.