कंदील कोणाच्या हातात होता

जांबे,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ज्ञानदा हिला दयाचा मनापासून जयभीम.

तू बरी असशील, घरी सगळे बरे असतील. मीही ठीक आहे. दोन वर्षांपूर्वी तू माझा नंबर ब्लॉक केलास. एका दिवसात सतरा मेसेज करणाऱ्याचं दुसरं काय करायचं! पण आजच्या कामाला कागदच लागतो. का, ते शेवटी कळेल.

आधी इकडच्या बातम्या. मी आणि प्रदीप एका खोलीत राहतो. मी हिंजवडीतल्या एका कंपनीची गाडी चालवतो. मागे बसलेले 'भैया, एसी बढाओ' म्हणतात, मी 'वाढवतो साहेब' म्हणतो. गेल्या महिन्यात एकाने दार आपटलं तर उतरून त्याची कॉलर धरली. आठ दिवस घरी बसवलं. डोकं अजून तसंच आहे, एवढंच सांगायचं होतं.

खरी बातमी ही, की 'सातवं लेणं'चा चौथा भाग आला. सोळा वर्षांनी! पोस्टरवर प्रोफेसर सरंजामे, दाढी पांढरी, आणि मागे अगदी बारीक, कंदील घेतलेला भैरू. मी सिग्नलला गाडी थांबवून बघतच राहिलो. मागचे हॉर्न वाजवून दमले.

तुला सगळं आठवत असेलच. तुझ्या बाबांनी पौडहून आणलेली सीडी, रविवारची दुपार, तुमच्या घरात जमलेली अख्खी वस्ती. प्रोफेसर भुयारात शिरतो आणि भैरूला म्हणतो, 'मी येईपर्यंत कंदील विझवू नकोस.' पुढे खजिना, मारामारी, पूर. पिक्चर संपतो, पण भैरूचं काय झालं ते कोणी सांगतच नाही. दुसऱ्या भागात तो नाही, तिसऱ्यातही नाही. तू केवढी चिडली होतीस! 'म्हणजे तो अजून तिथंच उभा असणार,' म्हणालीस आणि रडलीस. मग आपण सिनेमावाल्यांना पत्र लिहिलं, 'भैरूला घरी जायला सांगा.' पत्ता काय टाकला होता? 'सिनेमा कंपनी, मुंबई.'

आपल्या खेळात प्रोफेसर नेहमी तूच. मी भैरू. भात निघाला की कोरड्या खाचरात तू खुरपं घेऊन बसायचीस. तुला रोज काही ना काही सापडायचं. बांगडीचा तुकडा, कपाचा कान, पितळी बटण. 'इसवी सन पूर्व!' असं ओरडायचीस. इसवी सन म्हणजे काय ते तेव्हा तुलाही माहीत नव्हतं. सगळं मीच सकाळी पुरून ठेवलेलं असायचं. मग एकदा तू बटण हातावर घेऊन माझ्याकडे बघितलंस. 'दया, हे तुझ्याच शर्टाचं आहे की रे!' मला वाटलं आता मार खाणार. तर तू हसलीस. बांधावर लोळून हसलीस. तसं हसणं मी नंतर पाहिलं नाही.

ते हसणं लक्षात ठेव. पुढचं त्याच्यामुळेच झालं.

पिक्चरला प्रदीपला घेऊन गेलो. भैरूला एकूण चार मिनिटं आहेत. प्रोफेसर लेण्यापाशी येतो तर हा दगडावर कंदील घेऊन बसलेला, पार म्हातारा. प्रोफेसर विचारतो, 'अजून इथंच?' भैरू म्हणतो, 'तुमीच म्हनला व्हता न्हवं साहेब, येईस्तवर इझवू नगंस.' सगळं थिएटर हसलं. मागचा एक जण तर शिट्टी मारून म्हणाला, 'येडा हाय का काय!' मी उठून त्याच्याकडे वळलो. प्रदीपने पट्टा धरून खाली बसवलं. 'बस की लेका, तुझा चुलता हाय का त्यो?'

आणि मग प्रोफेसर म्हणतो, 'भैरू, त्या दिवशी मी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडलो. तुला सांगायला आलोच नाही.'

ज्ञानदा, मला पुढचं काही दिसलं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला भैरू समजत होतो. गावभर सांगत फिरलो, कॉलेजच्या उत्खननात दयाने ज्ञानदासाठी वर्गातल्या ओमला थोबाडलं, ज्ञानदासाठी कॉलेज सोडलं. पोरं पाठ थोपटायची, मी थोपटून घ्यायचो. फक्त तू म्हणालीस, 'मारून काय सिद्ध झालं?' त्याचा मला राग आला होता. खरं उत्तर असं, की त्या थपडेने उत्खननाच्या सरांचा प्रश्न गाडला गेला. तुझ्या चौकोनात निघालेला मणी हातात धरून सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, 'हा मणी कोणी टाकला?' तेव्हा मी चाळणीपाशी घमेलं घेऊन उभा होतो. गप्प होतो. सर तुला म्हणाले, 'सामान आवर आणि घरी जा.' मग ओमने तुझ्यावर जोक केला आणि मी हात उचलला. त्यानंतर सगळे माझ्या हाताकडेच बघत राहिले.

मणी मी टाकला होता.

नऊ दिवस तुझ्या चौकोनात साधी खापरं आणि कोळसा. शेजारी ओमला बाणाचं टोक मिळालेलं. तुझ्या तळहाताला फोड आले होते, तू डबाही उघडत नव्हतीस. मला एवढंच वाटलं, की हिला काहीतरी सापडू दे, संध्याकाळी सांगू, ही बटणाच्या वेळेसारखी हसेल. पण तू मणी बघून ओरडलीस, सर धावत आले, नोंद झाली, फोटो निघाले. तुझा तो चेहरा बघितला आणि सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी भिंग लावलं. भोक यंत्राने पाडलेलं, मणी आजकालचा निघाला.

म्हणजे मी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडलो. कंदील तुझ्या हातात राहिला.

तुझ्या आई, कृष्णाबाई काकू, माझ्या आईला पौडच्या स्टँडवर भेटल्या होत्या. तू पुन्हा एमएसाठी अर्ज केलास, पण सर शिफारस द्यायला तयार नाहीत, मुलाखत चोवीस तारखेला आहे. हे कळल्यावर मी काल घरी गेलो. आईला म्हणालो, 'तुझी लाल मण्यांची माळ दे.'

'कोन्ती? एक मणी कमी असल्याली?'

'तुला माहीत होतं?'

'मला समदं म्हाईत असतं. तुझ्या तोंडातनं कवा निघतंय, त्याची वाट बघत व्हते.' मग डब्यातून माळ काढून हातावर ठेवली. 'एक नेलास तवा इचारलं न्हाईस. आता समदी घिऊन जा. आन त्या पोरीम्होरं ताठ मानंनं उभा ऱ्हाऊ नगंस.'

ताठ मान नाही. तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते अख्ख्या कासार आंबोलीला माहीत आहे, या पत्रात ते मागे लावून काही मागणार नाही. उत्तर दे असंही म्हणत नाही. सोबत एक वेगळं पान आहे. सरांना तेवढंच दाखव. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन त्याची दुसरी प्रत त्यांच्या हातात देणार आहे. ओमलाही भेटेन. हात खिशात ठेवून.

कंदील खाली ठेव, ज्ञानदा. मी आलोय.

दया

(वेगळं पान)

मा. विभागप्रमुख यांस,

दोन वर्षांपूर्वीच्या उत्खननात ज्ञानदाच्या चौकोनात मिळालेला लाल मणी मी चहाच्या सुट्टीत तिथे दाबून ठेवला होता. तिला याची काहीही कल्पना नव्हती. मणी माझी आई रत्नाबाई हिने जत्रेत घेतलेल्या माळेतला आहे. उरलेले वीस मणी याच्या दुसऱ्या प्रतीसोबत मी स्वतः आणून देत आहे. सगळ्यांची भोकं भिंगाखाली तपासावीत.

आपण विचारलंत तेव्हा मी समोरच उभा होतो. उत्तर द्यायला दोन वर्षं उशीर झाला.

सही,
दयानंद रामदास गायकवाड
राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी