दोन ते चार

३ मार्च

ही वही कंपनीने सुरू करायला लावली. इंटरनेटच्या बिलात सलग तिसऱ्या महिन्यात 'जादा वापर' लावलाय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तोंडी तक्रार घेता येत नाही. रोजच्या वापराची नोंद आणा."

आणते! तीस वर्षं कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळली. नोंदी मला शिकवू नका.

महिन्याला साठ जीबी. घरात माणसं दोन – मी आणि सून. मुलगा बोटीवर. साठ संपले की लाईन गोगलगाय होते आणि सूनबाईचं टायपिंगचं काम अडतं. मागच्या महिन्यात तिला दोनदा वरून बोलणी बसली. तिसऱ्यांदा काम जाईल.

४ मार्च

दुपारी दोनला वाचनालयात जाताना वापराचा आकडा लिहिला, चारला परतल्यावर पुन्हा. मधे दोन जीबी गुल! टायपिंगला एवढं लागत नाही, हे मलाही कळतं.

५ मार्च

पुन्हा तेच. दोन ते चार. दिवसाढवळ्या दरोडा!

६ मार्च

काउंटर. "मर्यादा संपत आली की आम्ही इशारा पाठवतो, मॅडम." कुठे? ह्यांच्या नंबरवर! हे जाऊन चार वर्षं झाली. नंबर बदलायचा अर्ज दोनदा दिलाय. म्हटलं, "गेलेल्याला सावध करता आणि जिवंताला दंड लावता?" रांगेतले हसले. ती मुलगी हसली नाही. हळूच म्हणाली, "एकदा घरात विचारून बघा ना."

"माझ्या घरात चोर नाहीत!" – तरातरा निघून आले.

८ मार्च, रविवार

सूनबाई माहेरी. मी वाचनालयात गेले नाही. इंटरनेटचा डबा चालू ठेवून त्याच्यासमोर बसले. दोन ते चार – आकडा हलला नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. नाहीच.

कंपनी खरं बोलते, याचा एवढा राग का यावा?

९ मार्च

जेवताना विचारायला दोनदा तोंड उघडलं. दोनदा मीठ मागितलं.

१० मार्च

वाचनालयातून तीनलाच परतले. चपला हातात घेऊन आत आले – शोभलं नाही मला.

सूनबाई टाइप करत होती. शेजारी फोन तांब्याला टेकवलेला, पडद्यावर एक म्हातारी खुर्चीत पेंगत होती. अक्का! माझी थोरली बहीण. आई गेल्याचं तिने मला तिसऱ्या दिवशी कळवलं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

"कधीपासून चाललंय हे?"

"डिसेंबरपासून. त्यांच्या वृद्धाश्रमातून फोन आला होता, बहिणीला सारखं विचारतात म्हणून. त्यांना आता फारसं कळत नाही, आई. मला ठमीच समजतात."

ठमी म्हणजे मी. या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

"झोपलीय ती. ठेवून द्यायचा की फोन!"

"मोठ्यांच्या आधी फोन ठेवायचा नाही – लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्हीच बजावलंत. आणि त्या ठेवायचं विसरतात."

"अगं, स्वतःच्या कामावर गदा आणलीस! मला सांगायचं नाही?"

"तुम्ही त्यांचं नाव तरी काढू देता का?"

चपला जागेवर नेऊन ठेवल्या.

११ मार्च

काउंटरवर जाऊन सांगितलं – वापर आमचाच होता. त्या मुलीने खुर्ची पुढे केली. इशाऱ्याचा नंबर मात्र समोर बसून बदलून घेतला. ती चूक त्यांचीच! साठाचे दीडशे जीबी करून आले.

उद्या दोनला मी बोलणार. अक्काला विचारायचे प्रश्न लिहून काढले. सात. पहिला आईचा.

सूनबाई म्हणाली, "तोंडी परीक्षा घेणार आहात का त्यांची?"

पाच खोडले. मग पहिलाही खोडला. राहिला एक – जेवलीस का?

१२ मार्च

२.०५ – सुनेने फोन माझ्या हाती दिला.

अक्काने पडद्याशी तोंड आणून पाहिलं. मग म्हणाली, "ह्या बाई कोण? ठमी कुठाय?"

२.०७ – फोन सुनेच्या हाती परत दिला.