भुशाची राख

आई, तुझ्या धाकट्याचा उजवा हात मनगटातून उचलेना झालाय. ताट धरायला गेला की पंजा खाली लोंबतो, ओलं फडकं दोरीवर टाकावं तसा. आधी मला वाटलं, झोपेत अंगाखाली आला असेल, होईल दोन दिवसांत बरा. मग वाटलं, सोंग करतोय. ड्रम भरायचा कंटाळा आला की तो असली नाटकं करायचाच, तुला काय सांगायचं. मी ओरडले पण त्याच्यावर. "नीट धर की रं मुडद्या!" म्हणाले. तो हसला, आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मला दाखवला. एवढा चाळिशीचा बाप्या, पण दाखवलं असं, जशी जत्रेतली मोडकी बाहुली दाखवतात. तेव्हा मी त्याला एसटीत घालून नगरला नेलं.

तू गेल्यावर मी सासर सोडून माघारी आले, हे तुला कुठून माहीत असणार. का आले ते सांगत बसत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आले आणि आपल्याच शेडमध्ये उभी राहिले. काम तेच चाललंय, तुझ्या वेळचं. लष्कराच्या रेंजवर सरावात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ठेकेदार लिलावात घेतो, पोती आपल्या दारात आणून टाकतो, आपण त्या चकचकीत करून देतो. मग तिकडं भिंगारला त्यांची पेन ठेवायची स्टँडं होतात, बदली होऊन निघालेल्या साहेबांना द्यायच्या फ्रेमा होतात. ड्रमही तोच आहे, डिझेलचं पिंप आडवं टाकून दादांनी, तुझ्या कारभाऱ्यांनी, मोटर आणि पट्ट्यावर बसवलेला. अर्ध्यापर्यंत पुंगळ्या भरायच्या आणि वरून भुसा, दाणे काढलेली मक्याची कणसं भरडून आणलेला. ड्रम दिवसभर घरघरतो, भुसा पितळेला घासत राहतो. सकाळी पिवळाधमक घातलेला भुसा संध्याकाळी काजळासारखा बाहेर येतो आणि पुंगळ्या नव्या नवरीच्या दागिन्यासारख्या. मग चाळण. ती तू करायचीस, पदर नाकावरून घेऊन दाताखाली धरून, आणि असा काळा धुरळा उडायचा की बाहेर आलीस की फक्त तुझे डोळे ओळखू यायचे. तू गेल्यावर ती धाकट्यानं घेतली. त्याला आवडते चाळण. भुसा खाली जातो आणि पितळ वर राहतं, याचं त्याला अजून नवल वाटतं.

नगरच्या डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या. पण मला 'मावशी' म्हणाल्या नाहीत, 'तुम्ही' म्हणाल्या, ते बरं वाटलं. त्यांनी धाकट्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. दातांच्या कडेनं निळसर रेघ होती. मी रोज त्याच्यासमोर जेवायला बसते आणि मला ती कधी दिसली नव्हती. "काम काय करतात हे?" मी सांगितलं. त्यांनी रक्त काढून पुण्याला पाठवलं आणि आम्हांला पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, ह्यांच्या अंगात शिसं भरलंय. पुंगळीच्या बुडाशी जी बारकी टोपी असते, जिच्यावर आपटलं की ठिणगी पडते, तिच्या दारूत शिसं असतं. गोळी निघून जाते, त्याची काजळी पुंगळीत राहते, आणि आपण ती घासून घासून भुशात उतरवतो. "मग त्या भुशाचं पुढे काय करता?" असं त्यांनी सहज विचारलं. म्हटलं, आता गॅस आहे, तेव्हा उकिरड्यावर टाकतो. "आणि आधी?"

आधी. आधी तो आपल्या भुशाच्या शेगडीत जायचा. तू शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायचीस, भोवती काळा भुसा ठासून भरायचीस, मग बाटली अलगद वर काढून खालच्या तोंडाला काडी लावायचीस. सकाळचं अंघोळीचं पाणी, वरण, दूध, सगळं त्यावर. एकदा तू म्हणालीस, ह्याचा वास वंगाळ येतो, चार लाकडं आणा. दादा शेडच्या दारातून म्हणाले, "लाकूड इकत आनायचं? अन् ह्यो भुसा काय आता देव्हाऱ्यात ठिवू? जाळ गुमान." तू गुमान जाळलास. आणि उरलेली राख तू तरी वाया कशी घालवशील? पांढरी, मऊ, पिठासारखी राख व्हायची त्याची. नारळाची शेंडी घेऊन तू त्या राखेनं भांडी घासायचीस. गल्लीत सगळ्या बायका म्हणायच्या, हिच्या ताटात तोंड बघून कुंकू लावावं. ती राख मागायला यायच्या दोघीतिघी, आणि तू डबा भरून द्यायचीस. दातही त्याच राखेनं घासले आपण सगळ्यांनी. धाकटा पोटात होता तेव्हा तुला राख खावीशी वाटायची, ते मी बघितलंय. चिमटीत धरून जिभेवर ठेवायचीस आणि मी बघितलं की लाजायचीस.

आणि धाकटा असा झाला, त्याचं खापर फुटलं ग्रहणावर. ती दुपार मला अजून दिसते. तुला सातवा सरतोय. बाहेर ऊन असं फिकं पडलंय की कोंबड्या खुराड्याकडं निघाल्यात. आजीनं दारं लावून घेतलीत, तुला कोपऱ्यात बसवलंय, हलू नको म्हणून बजावलंय. तेवढ्यात माल न्यायला टेम्पो येतो आणि दादा बाहेरून हाक मारतात, दोन माणसं जेवायला हायत म्हणून. तू म्हणतेस, "गिरान हाय." ते म्हणतात, "मानसं काय गिरान सुटंपातूर उपाशी ठिवू का?" तू उठतेस, विळी घेतेस, वांगी चिरायला बसतेस. आजी परसातून आत येते आणि कपाळावर हात मारून घेते. "आगं सटवे, गिरानात इळीला हात लावलास! आता भोग!" तुझ्या हातातलं वांगं अर्धं चिरलेलं तसंच राहतं. मग ती वांगी तूच शिजवतेस, कारण माणसं जेवायची असतात.

धाकटा झाला तो दिसायला गोरागोमटा, सगळ्या अवयवांनी नीट. म्हातारीनं त्याचे ओठ, कान, बोटं उलटून पालटून बघितली आणि काही सापडलं नाही म्हणून गप्प बसली. पण बरोबरीची पोरं अंगणवाडीत जायला लागली तरी ह्याच्या तोंडून 'आई' फुटेना. पाटीवर रेघ ओढता येईना. झटके यायचे. तेव्हा मग वांग्यांची ती गोष्ट बाहेर आली आणि पुन्हा कधी आत गेली नाही. म्हातारी मेली तर दादांनी धरली. भात करपला, पाऊस गेला, पट्टा तुटला, काही झालं की, "हिनं गिरानात इळी धरली अन् माझ्या घराचं वाटूळं केलं." पाहुण्यांसमोर म्हणायचे, माझ्या लग्नाच्या बैठकीतही म्हणाले. हाक त्यांनीच मारली होती हे त्यांनी कधी काढलं नाही, आणि तूही काढलं नाहीस. का गं नाही काढलंस? मला त्याचा अजून राग येतो. एक शब्द बोलली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?

उलट तू मान्य करून बसलीस. नंतर प्रत्येक ग्रहणाला तू पाण्याचा घोटही घ्यायची नाहीस. "दे दान, सुटे गिरान" अशी आरोळी गल्लीत आली की पायलीभर ज्वारी घेऊन धावायचीस, एकदा तर भाऊबिजेची कोरी साडी देऊन टाकलीस. धाकटा झोपला की त्याच्या पायांवर डोकं टेकवायचीस. मग तुझंच पोट दुखायला लागलं, अंग पांढरंफटक पडलं, चुळकाभर वरणसुद्धा ठरेना. तेव्हा तू म्हणालीस, "हुंदे, माझं मला फेडू दे." फेडत फेडतच गेलीस. तुझ्या हिरड्या कुणी बघितल्या नाहीत.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, राखेचं, शेगडीचं, डोहाळ्यांचंही. त्यांनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता यायचं नाही, पण पोटातल्या बाळाला आणि लहान पोरांना शिसं फार लवकर लागतं, मेंदूलाच लागतं. तुम्ही सांगताय ते सगळं त्याच्याशी जुळतंय. ग्रहणाचं मी विचारलं तर त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली. परतीच्या एसटीत धाकटा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता आणि मी वेड्यासारखी हसत होते. सुटलीस तू, असं वाटत होतं. वाटलं, आता कुणाच्या बापाची टाप आहे तुला बोलायची.

ड्रम मी दुसऱ्याच दिवशी बंद केला. ठेकेदाराला सांगितलं, पोती उचल. राख नेणाऱ्या त्या बायकांकडं जायचं अजून राहिलंय, एकीचा नातू आपल्या धाकट्यासारखाच आहे. धाकटा शेडच्या उंबऱ्यावर बसून राहतो आणि विचारतो, "ड्रम कवा लावायचा?" म्हणते, हात बरा झाला की. गोळ्या चालू आहेत, हात थोडा वर येतो आता. डोकं आता जसं आहे तसंच राहणार, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

मग मी दादांना सांगितलं. ते आता ओट्यावरच्या बाजेवर असतात दिवसभर. ऐकू कमी येतं, पण हवं ते येतं. मी समोर बसले आणि म्हणाले, "दादा, गिरानाचं काही नव्हतं. भुशात शिसं होतं. आपण तो जाळला, त्याच्या राखेनं भांडी घासली, दात घासले. त्यानं धाकटा असा झाला. आई पण त्यानंच गेली." एका दमात बोलले. लाकडं तिनं तुमच्याकडं मागितली होती, तेही बोलले. दादा तंबाखू मळत होते, मळता मळता थांबले.

"डाक्टर म्हनली असं?"

"हो."

"राखंत हुतं?"

"राखेत होतं."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "मंजी तिच्याच हातनं झालं. मी काय येगळं सांगत हुतो का? मी जाळ म्हनलो, राखंनं भांडी घास म्हनलो नव्हतो. ती खात बी हुती, मला काय म्हाईत न्हाई व्हय?"

संध्याकाळी चुलती आली तर तिला त्यांनी हौसेनं सांगितलं, डाक्टरीनंच सांगितलं बग, आईनंच घातलं पोराच्या पोटात. चुलतीनं तोंडाला पदर लावला. आता गावभर होईल. ग्रहणाचं निदान हल्लीची पोरं तरी हसण्यावारी नेत होती, म्हणायची, म्हाताऱ्यांचा खुळेपणा आहे. ह्याला कोण हसणार? हे खरं आहे. तुला सोडवायला गेले आणि कायमची अडकवून आले.

हे लिहिलंय ते कुठं टाकायचं नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही. एवढंच सांगते, तुझ्याशी खोटं बोलत नाही. ओट्यावर बसले तेव्हा मला तुला सोडवायचं नव्हतंच. दादांना लागावं म्हणून बोलले मी. मरायच्या आधी एक घास तरी त्यांच्या घशात अडकावा, एवढीच इच्छा होती. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले, वर कालवण मागून घेतलं, आणि मीच वाढलं.